गोलाई आणि गिरणी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा माणूस गोंधळतो. बाजाराला आलेला कुणबी गोंधळत नाही. सोने, जोडे, मिरची, गूळ, ज्याची त्याची ओळ ठरलेली. निजामी अमलातील नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची ही आखणी. मधली दुमजली इमारत १९१७ सालची. आत अंबाबाईचे देऊळ.

नांदेडची तऱ्हा निराळी. तेथे सातव्या निजामाच्या नावाची उस्मानशाही गिरणी उभी राहिली आणि कितीतरी घरांचा दिवस तिच्या पाळ्यांनी चालू लागला. १९७४ साली ती सरकारी मालकीची झाली. पुढे बंद पडली.

गोलाईत एक दुकान मिटले तरी शेजारचे चालते. गिरणी मिटली तेव्हा चुली एकदमच विझल्या.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, कारखान्यांना वेगळ्या वसाहती मिळाल्या. १९६६ च्या नगररचना कायद्यानंतर राहणे कोठे, व्यापार कोठे, उद्योग कोठे, हे नकाशावर रंगांनी ठरू लागले. धूर घरापासून दूर गेला, हे चांगलेच झाले. परंतु रंग भरणाऱ्याने गोलाईकडूनही एक गोष्ट शिकावी: जागा वाटून द्यावी, पण सारे गाव एकाच दोरीला टांगू नये.