कुलाबा ते अलिबाग, आणि पुढे

रे रोडवरून विजेची गाडी पहिल्यांदा धावली ती 3 फेब्रुवारी 1925 रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर. विजेच्या नुसत्या चाहुलीने शहरातल्या एका जुन्या संस्थेचं मुख्य काम त्याआधी वीस वर्षं समुद्रापलीकडे गेलं होतं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली, बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. टांगलेलं चुंबक किती हललं ते डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत उतरवायचं, रात्रंदिवस. 2 सप्टेंबर 1859 रोजी ते विलक्षण हललं. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर लखलखाट पाहिला होता. त्या सौरवादळात कुलाब्याला चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. त्या वादळाचं मोजमाप करताना शास्त्रज्ञ आजही याच वह्या उघडतात.

पुढे ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. तारांतल्या प्रवाहाच्या चुंबकत्वापुढे सूर्यामुळे होणारी चुंबकाची हालचाल ओळखू आली नसती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. मला सर्वांत थोर वाटतं ते यानंतरचं काम: दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आकडेवारी नवीशी जोडता येईल. 1906 मध्ये कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं, 1907 मध्ये विजेची ट्राम आली, आणि नोंदींची साखळी अखंड राहिली. 1971 पासून हा वारसा भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते.

1977 मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांपुढे हीच अडचण होती. यानातल्या विद्युत मंडलांचंही चुंबकत्व असतंच. म्हणून मॅग्नेटोमीटर 13 मीटर लांब दांड्यावर, यानापासून दूर बसवले. 25 ऑगस्ट 2012 रोजी व्हॉयेजर 1 सौरवाऱ्याच्या सीमेपार गेलं. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता वाढली, पण दिशा फारशी बदलली नाही, त्यामुळे ते खरोखर बाहेर पडलं का, यावर वर्षभर वाद चालला. निकाल लावला तो सूर्यानेच. मार्च 2012 मध्ये उसळलेलं सौरवादळ तेरा महिन्यांनी तिथे पोहोचलं, भोवतालचा प्लाझ्मा थरथरला, आणि त्या कंपनांवरून त्याची घनता काढता आली. ती सीमेच्या आतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त होती. ताऱ्यांमधल्या अवकाशात असावी तेवढी. व्हॉयेजर 2 ने 5 नोव्हेंबर 2018 रोजी तीच सीमा ओलांडली.

यानांची वीज आता संपत आली आहे. 2025 मध्ये दोन्हींवरचं एकेक उपकरण बंद करावं लागलं. मॅग्नेटोमीटर मात्र दोन्हींवर चालू ठेवले.