शंभर रुपयांची वाट: ॲम्ब्युलन्सला रस्ता देण्याच्या कायद्याची गोष्ट

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी बाजूला थांबा, आजचा विषयच तसा आहे.

गेल्या पावसाळ्यात आजोबांना घेऊन नाशिकरोडहून शहरात येत होतो. ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरकाकांच्या शेजारी मी. पुढे सिग्नल लाल, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे एक कार आणि वर कॅमेरा. मागे आमचा सायरन नुसता बोंबलतोय आणि कार हलायला तयार नाही. मला असा राग आला! आणि लगेच आठवलं, चार महिन्यांपूर्वी मीही बाईकवर अस्साच थांबलो होतो. ई-चलन येईल या भीतीने. (आजोबा ठणठणीत आहेत, चहात साखर कमी पडली की भांडतात.)

घरी आल्यावर कायदा शोधला. मी वकील नाही, पण जुन्या कोडचे बदल वाचायची सवय आहे, तसंच वाचत गेलो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यासोबत रस्त्यावर वागायचे नियम आले, त्यातला दहावा नियम २०१७ पर्यंत आपला होता. अगदी एका वाक्याचा: अग्निशमन गाडी किंवा रुग्णवाहिका येताना दिसली की प्रत्येक चालकाने रस्त्याच्या कडेला होऊन तिला मोकळी वाट द्यायची. सिग्नल ओलांडायचा की नाही, याबद्दल त्या वाक्यात काहीच नाही. म्हणजे तो कारवाला आणि मी, दोघांनीही करायचं होतं ते एवढंच: डावीकडे सरकायचं. आम्ही दोघेही मधोमध उभे होतो.

मोडला तर शिक्षा? वेगळं कलमच नव्हतं. कलम १७७ मध्ये बाकी किरकोळ गुन्ह्यांबरोबर हाही: पहिल्यांदा शंभर रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर तीनशेपर्यंत. तीस वर्षं हाच भाव!

या काळात रस्त्यावर दुसरीच स्पर्धा लागली होती. लाल दिव्याची. रुग्णवाहिकेच्या दिव्याला नियमाने जांभळी काच ठरवून दिलेली, पण ते लक्षात कोण घेतो? लाल दिवा दिसला की आपण समजायचो, साहेब आले. सायरन तर कोणीही लावायचं. शेवटी १० डिसेंबर २०१३ ला अभय सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने लाल दिवा मोजक्या घटनात्मक पदांपुरता ठेवायला सांगितलं आणि तसले हॉर्न रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा गाड्यांपुरतेच ठेवले. मग १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही दिवे उतरले. माझ्या मते वाट देण्याच्या इतिहासातली ही सर्वात मोठी घटना. दंडवाढीपेक्षाही मोठी. कारण सायरन खोटा असेल अशी शंका एकदा मनात बसली की खऱ्यालाही कोणी सरकत नाही.

दंड वाढला २०१९ मध्ये. नवं कलम १९४-ई आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. देशात १ सप्टेंबरपासून लागू, पण आपल्याकडे तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंड रोखून धरले. महाराष्ट्रात नवे दर यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

तोवर गाड्या मात्र वाढल्या होत्या. १०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. आपल्या लहानपणी ॲम्ब्युलन्स म्हणजे हॉस्पिटलची गाडी, आज तो एक फोन नंबर आहे.

आता नाशिककरांचा प्रश्न. कायदा म्हणतो कडेला व्हा. भद्रकालीत, सराफ बाजारात कड कुठाय? एका बाजूला दुकानाची पायरी, दुसऱ्या बाजूला लावलेल्या बाईक. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. अशा गल्लीत मोठी गाडी शिरणार कुठून? तिथे वाट चालकाने नाही, पार्किंग करणाऱ्याने द्यायची असते, आणि कलम १९४-ई फक्त गाडी चालवणाऱ्याबद्दल बोलतं.

२०१७ मध्ये मुंबईत १०८ च्या बाईक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या, त्या अशाच गल्ल्यांसाठी. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. तोवर सराफ बाजारात जाल तेव्हा बाईक कुठे लावताय ते बघा, मीही आता लांब लावून चालत जातो.