कचेरीपर्यंतची तार

भारतातली पहिली ऑप्टिकल फायबरची टेलिफोन जोडणी १९७९ साली पुण्यात सुरू झाली. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाशावर स्वार करून बोलणे पाठवायचे, ही कल्पना तेव्हा जगालाही नवीच होती. चार्ल्स काव यांनी ती १९६६ साली मांडली आणि त्यासाठी लागणारी नितळ काच १९७० मध्ये अमेरिकेत तयार झाली. म्हणजे पुणे फारसे मागे नव्हते. पुढे असे तंतू महाराष्ट्रातच, औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कारखान्यात बनू लागले. तरीही खेड्यातल्या साध्या घराच्या भिंतीला भोक पाडून फायबर आत घ्यायचा दिवस उजाडायला सुमारे चार दशके गेली.

यासाठी डोंगर, अंतर आणि पैसा यांना दोष द्यायची पद्धत आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. सरकारी तारेची एक जुनी खोड या उशिरामागे आहे: ती कचेरीपर्यंत येते आणि तिथेच थांबते.

तारायंत्राचे तसेच होते. इंग्रजांनी तारा ओढल्या त्या फौजेसाठी, रेल्वेसाठी आणि व्यापारासाठी; खेड्यातला माणूस त्यांच्या वाटेला गेला तर पोस्टाच्या खिडकीपर्यंत, आणि तार घरी आली की ती वाचण्याआधीच रडारड सुरू व्हायची. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच उघडले. गावात मात्र फोन आला तो शंभरेक वर्षांनी, आणि तोही बहुधा पोस्टात किंवा ग्रामपंचायतीत.

मधल्या काळातले एक काम मात्र मनापासून दाद देण्यासारखे आहे. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था उभी राहिली. परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, आणि ज्या गावात पंख्याचीच खात्री नाही तिथे ती आणायची कुठून? सी-डॉटच्या अभियंत्यांनी एसीशिवाय चालणारे, १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. धूळ, उकाडा आणि विजेची लहर सोसणारे यंत्र हवे, हे कुणीतरी कागदावर आधी लिहिले, यातच निम्मे यश होते.

पुढच्या दशकात गावोगाव सार्वजनिक फोन देण्यासाठी रेडिओवर चालणारी यंत्रणा आणली गेली. ती इतकी बंद पडायची की अखेर बदलावी लागली. लोकांना खरे बोलते केले ते पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथने. रात्री अकरानंतर पाव दर लागत असल्यामुळे बाजारपेठेच्या गावात त्या वेळी बूथसमोर रांग असायची, आणि आतल्या माणसाचे संभाषण बाहेरच्या सगळ्यांना पाठ व्हायचे. बूथ चालवणारा सरकारी नोकर नव्हता, तर कमिशनवर बसलेला गावातलाच कुणी होता. तार पुढे सरकली ती त्याच्यामुळे.

त्याचाच भाऊबंद म्हणजे केबलवाला. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तशी कुणीतरी गच्चीवर छत्री लावली आणि खांबावरून, आंब्याच्या फांदीवरून, शेजाऱ्याच्या पत्र्यावरून काळी वायर घरोघर नेली. परवानगी वगैरे पुढची गोष्ट. कायदासुद्धा १९९५ साली, वायरी लटकून झाल्यावर आला. दिसायला गलिच्छ, पण घरापर्यंत पोचलेले असे दुसरे जाळे कुणाकडेच नव्हते.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचे ठरवले. हीच योजना पुढे भारतनेट झाली. तालुक्यापर्यंत फायबर होताच, तिथून पंचायतीपर्यंत नवा टाकायचा होता. दोन-तीन वर्षांचे काम म्हणून ते सुरू झाले. पहिल्या लाखभर पंचायतींचा टप्पाच डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. नियमाप्रमाणे चर १६५ सेंटिमीटर खोल हवा. मुरमात ते जमते. कोकणातल्या जांभ्यात आणि घाटमाथ्याच्या काळ्या कातळात ब्रेकर लावूनही दिवसाला किती पुढे जाणार? एवढे करून पुरलेली केबल रस्त्याच्या रुंदीकरणात नाहीतर पाण्याच्या पाइपलाइनसाठी आलेल्या जेसीबीच्या एका फटक्यात तुटते. आणि केबल शाबूत असली तरी ती जाते कुठे, तर ग्रामपंचायतीच्या खोलीत. तिथे वीज नाही किंवा दाराला कुलूप, म्हणजे नेट नाही. तार पुन्हा कचेरीत येऊन थांबली.

२०२० साली टाळेबंदीत शहरातली नोकरी लॅपटॉपसकट गावी आली आणि पोरे शाळेच्या तासाला रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसू लागली, तेव्हा घरात फायबर घेण्याची निकड भासू लागली. ती भागवायला बऱ्याच ठिकाणी धावला तो जुना केबलवालाच. खांब कुठले, कुणाच्या अंगणातून वायर गेलेली चालते, कोण भांडेल, हे त्याला तोंडपाठ. त्याच वाटेवर काळ्या कोअॅक्सियलच्या जागी बारीक ड्रॉप केबल आली.

जोडणीचे काम बघण्यासारखे असते. पोरगा ओट्यावर मांडी घालून बसतो, केबलचे वेष्टण सोलतो, तंतू स्पिरिटने पुसतो. क्लीव्हरने त्याचे टोक काटकोनात कापतो, कारण ते जरा तिरके गेले तरी प्रकाश गळतो. मग स्प्लायसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोके समोरासमोर येतात, विजेची ठिणगी उडते आणि १२५ मायक्रॉनची काच काचेत वितळते. वर बाही चढवून ती तापवली की जोड पक्का. तुटलेले तुकडे मात्र चिकटपट्टीवर जपून गोळा करावे लागतात; पायात घुसले तर दिसतही नाहीत. शेवटी पॉवर मीटरवर आकडा पाहायचा आणि राउटरच्या डबीवरचा लाल दिवा विझला की कनेक्शन चालू.

तालुक्याच्या यंत्रातून निघालेला एक तंतू काचेच्या स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांना पुरतो. या फाट्यांना वाटेत वीज लागत नाही, हे खेड्याच्या दृष्टीने मोठे सुख. घरात मात्र उलटा प्रकार आहे. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची, त्यामुळे गाव अंधारात असले तरी फोन वाजायचा. काच वीज वाहून नेत नाही. भारनियमनात फायबर शाबूत आणि डबी बंद, म्हणून कनेक्शनच्या पाठोपाठ राउटरला जोडायची छोटी बॅटरीही विकत घ्यावी लागते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटसाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. यात घराघरांत जोडणी देण्याचे आणि ती राखण्याचे काम गावातल्या उद्योजकाकडे सोपवून उत्पन्न बीएसएनएल आणि त्याच्यात निम्मे-निम्मे वाटायचे आहे. बूथवाल्याला कमिशन मिळायचे आणि केबलवाल्याला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. आता त्यांच्या वारसाला करारपत्र मिळते आहे.