ओकावांगो त्रिभुज प्रदेशातील सफारी तळ : निवड आणि वन्यजीवदर्शन

बोट्स्वानाच्या वायव्य भागात कालाहारीच्या वाळूत ओकावांगो नदी फाटे फुटून पसरते आणि तिथेच संपते. समुद्राला ती मिळत नाही. या पाण्याने घडवलेल्या दलदली, बेटे आणि गवताळ मैदानांत विखुरलेले लहान मुक्कामी कॅम्प हे दुर्गम सफारी तळ म्हणून ओळखले जातात. यांपैकी बहुतेक तळांवर माऊन या गावाहून लहान विमानानेच जावे लागते. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे हजारावे स्थळ.

तळ निवडताना सर्वांत आधी पाण्याचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. अंगोलाच्या डोंगराळ भागात नोव्हेंबर ते मार्च या काळात पडलेला पाऊस नदीतून सावकाश खाली येतो. त्रिभुज प्रदेशाचा उतार इतका अल्प आहे की उत्तरेकडून शिरलेल्या पुराला दक्षिणेच्या माऊनपर्यंत पोचायला काही महिने लागतात. तिथे तो साधारणपणे जून-जुलैमध्ये दिसतो. म्हणजे बोट्स्वानात पाऊस नसताना, आसपासची डबकी आटत असताना, येथे पाणी वाढत असते. कायम पाण्याखाली असलेल्या सुमारे ६,००० चौ. किमी. दलदलीत हंगामी पुराची आणखी मोठी भर पडते. सभोवतालच्या कोरड्या प्रदेशातील हत्ती आणि रानरेडे याच दिवसांत इकडे सरकतात. आलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी बाष्पीभवनाने व वनस्पतींवाटे हवेत जाते.

पुराचे मान मात्र दरवर्षी सारखे नसते. २०१९ मध्ये तो फारच तोकडा होता. शेजारच्या सावुटी भागातील प्रवाह १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाव शतकाहून अधिक काळ कोरडा होता, २०१०च्या सुमारास तो भरून वाहू लागला आणि काही वर्षांनी पुन्हा आटला. अशा बदलांबरोबर कळपांच्या वाटा आणि शिकारी प्राण्यांचे इलाके बदलतात. त्यामुळे एखाद्या तळाची दहा वर्षांपूर्वीची ख्याती आजच्या निवडीला आधार म्हणून पुरत नाही. जाण्याच्या वर्षी पाणी कुठवर आले आहे, ही चौकशी अधिक मोलाची ठरते.

पाण्याच्या सान्निध्यावरून तळांचे दोन ढोबळ प्रकार पडतात. खोल पाण्यातील बेटांवरच्या तळांवर मोकोरो या अरुंद, लांब काठीने ढकलायच्या होडीतून किंवा मोटरबोटीतून फिरणे होते. पूर्वी मोकोरो एकाच झाडाच्या खोडातून कोरत. आता बहुधा ती फायबरग्लासची असते. लाल लेचवे हरणे, पपायरसच्या गचपणात लपणारे सिटाटुंगा हरीण, पाणघोडे, मगरी आणि मासे धरणारे पेल्स घुबड ही या तळांची दौलत. सिंह किंवा बिबट्या पाहण्याच्या एकमेव इच्छेने आलेल्याची मात्र अशा ठिकाणी निराशा होऊ शकते, कारण पुराच्या दिवसांत गाडी फिरवायला जमीनच थोडी उरते. कोरड्या जमिनीचा मोठा पट्टा लाभलेल्या तळांवर, विशेषतः चीफ्स आयलंड आणि ख्वाई नदीच्या परिसरात, मोठे मांसाहारी प्राणी दिसण्याची शक्यता बरीच अधिक असते. मुक्काम दोन्ही प्रकारांत विभागणे हा सर्वांत समाधानकारक पर्याय होय.

जुलै ते ऑक्टोबर हा प्राणी पाहण्याचा मुख्य काळ. ताडोबात एप्रिल-मेच्या उन्हात पाणवठ्यांवर जे घडते तेच इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घडते: गवत विरळ होते आणि प्राणी पाण्याभोवती एकवटतात. आफ्रिकी रानकुत्र्यांचे कळप एरवी शेकडो चौ. किमी. भटकतात, पण साधारण जून ते ऑगस्टमध्ये पिल्ले बिळात असल्याने कळप एका जागी बांधलेला राहतो आणि त्यांचे दर्शन सुकर होते. पावसाळ्यात, डिसेंबर ते मार्चमध्ये, गवत वाढते आणि प्राणी पांगतात. तरीही या हंगामाला कमी लेखणे योग्य नाही. इम्पालांची नवी पाडसे, स्थलांतरित पक्षी आणि तुलनेने कमी दर यांमुळे पक्षीनिरीक्षकांना हाच काळ अधिक रुचतो. गेंड्यांच्या आशेने मात्र येथे येऊ नये. चोरट्या शिकारीमुळे काळे गेंडे २०२० मध्ये येथून हलवण्याची वेळ आली.

जमिनीची मालकी आणि नियम यांचाही दर्शनावर थेट परिणाम होतो. मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये बाटावाना लोकांनी आपल्याच भूमीवर स्थापन केले. तेथे रस्ता सोडून गाडी नेता येत नाही आणि अंधार पडल्यावर फिरता येत नाही. भाडेपट्ट्याने दिलेल्या खासगी किंवा गावसंस्थांच्या क्षेत्रांत ही मुभा असते. प्रकाशझोत घेऊन रात्रीची फेरी काढता येते, परवानाधारक वाटाड्याबरोबर पायी हिंडता येते. अशा क्षेत्रांत खाटांची संख्या मर्यादित असल्याने एका सिंहाभोवती गाड्यांची गर्दी होत नाही. बोट्स्वानाने थोडे पर्यटक आणि जास्त दर हे धोरण मुद्दाम राबवले आहे, त्यामुळे हे तळ महाग आहेत. या पैशाच्या बदल्यात मिळते ती शांतता आणि मोकळी जमीन. तंबूलगतच्या खासगी तरणतलावाने प्राणी जवळ येत नाहीत. म्हणून तळाकडे विचारायचे प्रश्न असे: क्षेत्र किती मोठे, त्यात गाड्या किती, एका गाडीत माणसे किती, माग काढणारा सोबत असतो का. उत्तम वाटाड्या लाभलेला साधा तळ हा सामान्य वाटाड्याच्या आलिशान तळापेक्षा नेहमी सरस.

एका तळावर किमान तीन रात्री राहणे इष्ट. विमानातील सामानाची मर्यादा कॅमेऱ्यासह साधारण २० किलो असून पिशवी मऊ, बिनचाकी असावी लागते. जून-जुलैत उघड्या गाडीत पहाटे कडाक्याची थंडी वाजते. हिवतापाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. बहुतेक तळांना कुंपण नसते. हत्ती आणि पाणघोडे रात्री तंबूंमधून फिरतात, म्हणून अंधारात सोबतीशिवाय बाहेर पडण्यास मनाई असते आणि अनेक तळ लहान मुलांना घेत नाहीत. जंगलातील धावपट्ट्यांवर विमाने दिवसाउजेडीच उतरतात. रात्री कोणी गंभीर आजारी पडल्यास विमानासाठी सहसा उजाडेपर्यंत थांबावे लागते. हृदयविकार किंवा तत्सम दुखणे असलेल्यांनी तळ ठरवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.