अंगणातील दुर्गरचना

ज्या कुलाबा किल्ल्याची उभारणी शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६८० साली आरंभली गेली, जो १७१३ च्या तहानंतर कान्होजी आंग्र्यांच्या अंमलाखाली त्यांच्या आरमाराचे बलस्थान ठरला, आणि ज्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून रचलेले असूनही भरतीच्या लाटा आजवर झेलीत उभे आहेत, त्या दुर्गाच्या सान्निध्यात वाढणाऱ्या अलिबागच्या मुलांनी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारावा, हे त्या भूमीच्या इतिहासाशी सर्वस्वी सुसंगतच होय. दगडविटांच्या राशीवर गोणपाट पसरून चिखल लिंपावयाचा, उतारावर अहळीव पेरून हिरवळ उगवावयाची, पायथ्याशी मावळे आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसवावयाचे, हा संकेत महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र समान आहे. परंतु या सर्वमान्य चौकटीत प्रत्येक मूल आपली स्वतंत्र किल्लेदारी प्रस्थापित करते. कोणी बुरुजाखाली परात पुरून तीत समुद्र भरतो, कोणी शंखशिंपल्यांनी तट मढवितो, तर कोणी महादरवाजावर स्वतःच्या नावाची पाटी लावून पहाऱ्याचा बंदोबस्त पाहतो. विद्वानांना इतिहास बखरींतून आणि दप्तरांतून गवसतो, बालकांना तो प्रथम ओल्या मातीतून भेटतो. म्हणूनच अंगणाचा एक कोपरा या दुर्गरचनेसाठी मोकळा राखणे, हे वडीलधाऱ्यांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे.