चतुर राजमंत्र्यांच्या लोककथा : इतिहास आणि लोकमानस

प्रस्तावना

भारतीय लोकसाहित्यात चतुर राजमंत्र्यांच्या कथांची परंपरा दीर्घ आहे. अकबराच्या दरबारातील बिरबल, विजयनगरच्या कृष्णदेवरायाशी निगडित झालेला तेनाली रामकृष्ण आणि बंगालमधील गोपाळ भांड ही त्यातील सर्वपरिचित नावे होत. या कथांकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक तर त्यांना बालवाङ्मय समजून बाजूला ठेवले जाते, किंवा त्या त्या व्यक्तीच्या चरित्राचे साधन म्हणून त्या जशाच्या तशा स्वीकारल्या जातात. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. या कथा व्यक्तीविषयी फारसे सांगत नाहीत; परंतु सत्तेकडून प्रजेची काय अपेक्षा होती, याविषयी त्या बरेच काही सांगतात. बिरबलाच्या उदाहरणाच्या आधारे हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

इतिहासातील बिरबल

बिरबलाचे मूळ नाव महेशदास. काल्पी परिसरातून आलेला हा ब्राह्मण 'ब्रह्म' या नावाने ब्रजभाषेत काव्यरचना करीत असे. अकबराने त्याला प्रथम 'कविराय' व पुढे 'राजा बीरबल' हा किताब दिला. 'आइन-ए-अकबरी'तील मनसबदारांच्या यादीत त्याची नोंद दोन हजारी मनसबदार म्हणून आढळते. 'दीन-ए-इलाही'चा स्वीकार करणारा तो एकमेव प्रमुख हिंदू दरबारी मानला जातो. अबुल फजलच्या लेखनात त्याच्याविषयी आदर दिसतो, तर बदायूनीच्या लेखनात उघड द्वेष दिसतो. मात्र लोककथांतील सवालजवाबांचा बिरबल या दोघांच्याही ग्रंथांत नाही.

त्याचा अंतही कथांतील प्रतिमेशी विसंगत आहे. वायव्य सरहद्दीवरील युसुफझाई टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत झैनखान कोका, हकीम अबुल फतह आणि बिरबल या तीन सरदारांत मतभेद झाले. फेब्रुवारी १५८६ मध्ये माघारीच्या वेळी डोंगरी खिंडीत मोगल सैन्याची वाताहत झाली आणि बिरबल मारला गेला. त्याचा मृतदेह सापडला नाही. पुढे तो नगरकोटच्या डोंगरांत, नंतर कालिंजर येथे दिसल्याच्या अफवा पसरल्या आणि त्यांची शहानिशा करविली गेली, असे बदायूनी नोंदवितो. बिरबलाच्या मृत्यूवर विश्वास ठेवणे समकालीनांनाही कठीण गेले, हे या नोंदीवरून स्पष्ट होते.

कथाबीजांची प्राचीनता

बिरबलाच्या नावावरील कथाप्रकार त्याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे. पाली जातककथांतील 'महाउम्मग्ग जातका'त मिथिलेचा राजा विदेह महोसधाची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्या गावाकडे अशक्य मागण्या पाठवितो. राजाच्या झोपाळ्याचा वाळूचा दोर तुटला आहे, तेव्हा नवा वळून द्यावा. न दिल्यास दंड भरावा, ही त्यातील एक मागणी. जुन्या दोराचा तुकडा नमुन्यादाखल पाठवावा, असे उत्तर महोसध गावकऱ्यांकरवी देतो. जैन परंपरेत 'नंदीसूत्रा'वरील टीकावाङ्मयात रोहक या नटपुत्राची कथा येते. उज्जयिनीचा राजा रोहकाच्या गावाकडे हीच मागणी करतो आणि त्याला उत्तरही असेच मिळते. जैन आचार्यांनी ही कथा 'औत्पत्तिकी', म्हणजे पूर्वाभ्यासावाचून तत्काळ स्फुरणाऱ्या बुद्धीचे उदाहरण म्हणून दिली आहे.

भारताबाहेर अहिकार या अ‍ॅसिरियन राजमंत्र्याची कथा आढळते. तिची इ.स.पू. पाचव्या शतकातील अरामी प्रत इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर १९०६ ते १९०८ या काळातील उत्खननात मिळाली. तिच्या उत्तरकालीन सीरियाक आवृत्तीत इजिप्तचा राजा वाळूचे दोर मागतो आणि अधांतरी महाल बांधून मागतो. अधांतरी महालाची मागणी बिरबलाच्या कथांतही येते. एखादे कथाबीज मूळ कोणत्या देशातले, हा वाद येथे गौण आहे. ते दरबार, धर्म आणि भाषा ओलांडून नव्या नावाला चिकटते, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

आव्हान आणि प्रत्युत्तर

या कथांतील प्रत्युत्तराची रीत लक्षणीय आहे. मंत्री राजाज्ञा नाकारत नाही, कारण नकाराची शिक्षा ठरलेली असते. तो आज्ञा मान्य करतो आणि तिच्याच तर्काने ती राजाकडे परत पाठवितो. महोसध व रोहक यांच्या कथांत अशा आज्ञेचा भार संपूर्ण गावावर पडतो. म्हणजेच चतुर पुरुष आरंभी दरबारचा नव्हे, तर गावाचा प्रतिनिधी आहे. पुढे महोसध दरबारात येतो आणि सेनक, पुक्कुस, काविंद व देविंद या चार पंडितांच्या मत्सराला तोंड देतो. बिरबलाच्या कथांत हा दुसरा भाग वाढला आणि गाव बरेचसे मागे पडले.

प्रतिस्पर्धीही कथनकर्त्यांच्या गरजेनुसार बदलतात. मुल्ला दो पियाजा हा बिरबलाचा सुप्रसिद्ध प्रतिस्पर्धी. परंतु अकबरकालीन बखरकारांच्या ग्रंथांत तो आढळत नाही. काही कथांत बिरबल त्याला हरवितो, तर काहींत मुल्लाच वरचढ ठरतो. चौधरी मुहम्मद नईम यांनी १९९५ मध्ये या कथांचा राजकीय इतिहासाच्या संदर्भात अभ्यास केला. या कथा सोळाव्या शतकातील हिंदू-मुस्लिम संबंधांचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे. त्या उत्तरकालीन समाजांच्या परस्परांविषयीच्या भावना व्यक्त करतात.

तेनाली रामकृष्णाचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. 'पांडुरंगमाहात्म्यमु' हे पंढरपूर क्षेत्राचा महिमा वर्णिणारे तेलुगू काव्य त्याचे आहे. तथापि महाराष्ट्रात तो विठ्ठलाच्या क्षेत्राचा कवी म्हणून नव्हे, तर दरबारी विदूषक म्हणून परिचित आहे. कथेतील प्रतिमेने ग्रंथकर्त्याला झाकून टाकले.

निष्कर्ष

बिरबलाच्या कथांत गाव मागे पडले, तरी ते पूर्णपणे लोपले नाही. थंडीत रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्या गरिबाला दूरच्या दिव्याची ऊब मिळाली, असे कारण सांगून त्याचे बक्षीस नाकारले जाते. तेव्हा बिरबल जाळापासून फार उंचावर हंडी टांगून खिचडी शिजवू लागतो. ही कथा हक्क डावलल्या गेलेल्या माणसाला न्याय मिळवून देण्याची आहे. मराठीत मात्र 'बिरबलाची खिचडी' हा वाक्प्रचार केवळ लांबत जाणाऱ्या कामासाठी रूढ झाला. विलंब स्मरणात राहिला, अन्याय विसरला गेला.

इतिहासाच्या अध्यापनात या कथांचा उपयोग करताना हेच भान आवश्यक आहे. बिरबलाचे चरित्र समकालीन साधनांवरून लिहावे लागेल. परंतु ज्यांना दरबारात बोलण्याची सोय नव्हती, त्यांनी आपल्या वतीने बोलणारा मंत्री कसा कल्पिला, हे जाणण्यासाठी या लोककथा हेच प्रमुख साधन आहे.