वाट पाहावी की शस्त्र धरावे?

वाचकहो, 'बाई अडली' हे दोन शब्द आपल्या आजीच्या तोंडी कोणत्या सुरात येत, ते जरा आठवून पाहा. बैल अडतो, गाडी अडते, पैशावाचून कामही अडते. पण बाळंतीण अडली म्हटले की ओसरीवरची पुरुषमंडळी गप्प होत आणि आतून सुईण काय सांगते इकडे कान लावून बसत. आज नवव्या महिन्याच्या सुरुवातीला, पोटात एक कळही आलेली नसताना, डॉक्टरांच्या समोर खुर्चीवर बसून विचारलं जातं, "सीझर करायचं की नॉर्मलची वाट पाहायची?" मी इतिहासाचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर मजकडे मागू नका. पण त्यातला 'की' हा शब्द कुठून आला आणि त्यासाठी काय मोजावे लागले, एवढे मला सांगता येईल.

आधी नावाचा घोटाळा उरकू. ज्युलियस सीझर आईचे पोट कापून जन्मला, ही गोष्ट खरी नव्हे. त्याची आई ऑरेलिया इसवी सनापूर्वी ५४ पर्यंत, म्हणजे मुलगा चांगला नावारूपाला येईपर्यंत, हयात होती. आणि त्या काळी असे पोट कापून घेऊन कोणी बाई वाचत नसे. रोमच्या जुन्या कायद्यात होते ते इतकेच, की गर्भार स्त्री मेली तर मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरू नये. आपल्या सुश्रुतानेही हेच सांगितले आहे. माता मेली आणि कूस हलते आहे असे दिसले, तर वैद्याने ताबडतोब पोट फाडून मूल काढावे. बिंदुसाराच्या जन्माची जी जैन कथा आहे, तिच्यातही चाणक्य पोट चिरतो ते आई विषाने गेल्यावर. थोडक्यात, शस्त्र येई ते मरणाच्या मागून. तिथे निवड कसली?

जिवंत बाईवर हा प्रयोग करावा असे छापून सांगणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे फ्रान्सचा रूसे. त्याचे पुस्तक १५८१ चे. त्या काळचा थोर शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे ह्याने मात्र त्याला साफ विरोध केला, आणि पुढची तीनशे वर्षे पारेच खरा ठरत गेला. (१५०० साली स्वित्झर्लंडात डुकरे खच्ची करणाऱ्या एका माणसाने आपल्या बायकोचे पोट कापून तिला आणि मुलाला वाचवले, अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. ती लिहून ठेवली गेली सुमारे ऐंशी वर्षांनी. मी तिला फारसे वजन देत नाही.) बाई मरे ती रक्तस्रावाने किंवा आत पू होऊन. त्यातून त्या काळचे वैद्य पोट शिवत, पण गर्भाशयाचा छेद तसाच उघडा सोडत! गर्भाशय आपोआप आवळते, टाका घातला तर तो काढणार कसा, अशी त्यांची समजूत. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आला, बाईचे ओरडणे थांबले. मरणे थांबले नाही.

मग अडलेल्या बाईचे करीत काय? चिमट्याने मूल ओढून पाहत. नाहीच आले तर मुलाचे डोके फोडून ते काढत. हे लिहिताना हात अडखळतो, पण शेकडो वर्षे हीच 'सुटका' होती. आणि म्हणून प्रश्न असा असे: आई की मूल? विचारायचे तो नवऱ्याला. १८११ च्या मार्चमध्ये नेपोलियनची राणी मारी लुईझ अडली. मूल पायाळू. वैद्य द्युब्वा घाबरून बादशहाकडे आला, तेव्हा नेपोलियनने सांगितले, आईला वाचवा, आणि ती एखाद्या दुकानदाराची बायको आहे असे समजून काम करा. दोघेही वाचली. राणीचे स्वतःचे मत घ्यायला मात्र कोणी थांबले नाही.

युरोपात हे चालले असताना केप टाऊनला १८२६ साली जेम्स बॅरी ह्या लष्करी डॉक्टराने आई आणि मूल दोघांनाही वाचवले. मौज अशी की, हा डॉक्टर स्वतः स्त्रीदेहाचा होता, हे लोकांना कळले १८६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आणि १८७९ साली फेल्किन नावाच्या इंग्रज प्रवाशाने युगांडात पाहिले, की तिथला वैद्य केळीच्या दारूने हात व पोट धुतो, बाईला तीच पाजतो, रक्त वाहील तिथे तापलेल्या लोखंडाने डाग देतो, आणि सगळे सराईतपणे उरकतो. बाई बरी झाली.

आता इटलीतल्या पाव्हिया गावी चला. तारीख २१ मे १८७६. जूलिया काव्हालिनी ही पंचविशीची, पहिलटकरीण. लहानपणी मुडदूस झाल्यामुळे ठेंगणी राहिलेली, आणि कमरेची हाडे इतकी वाकलेली की मूल खाली उतरणे शक्यच नाही. एदोआर्दो पोर्रो ह्या प्राध्यापकाने पोट उघडले, जिवंत मुलगी काढली, आणि मग रक्त थांबवण्यासाठी गर्भाशयाच्या तळाशी तारेचा फास आवळून सबंध गर्भाशयच कापून टाकले. ज्यातून रक्त वाहायचे आणि ज्यात पू व्हायचा, ते ठेवायचेच नाही! आई वाचली, मुलगीही वाचली. युरोपभर ह्या पद्धतीची नक्कल झाली. किंमत काय, तर पुन्हा मूल नाही. पण जीव राहिला हे काय थोडे झाले?

सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, लायप्झिगच्या माक्स झेंगरने, जो तेव्हा तिशीतही नव्हता, एक साधी गोष्ट नीट मांडली: गर्भाशयाचा छेद शिवा. चांदीच्या तारेने, रेशमाने, पण शिवा. इतकी मोठी गुंतागुंत टाक्याने सुटावी! १८८८ मध्ये ग्लासगोच्या मर्डॉक कॅमरनने चार फुटांहूनही कमी उंचीच्या एका बाईवर ही शस्त्रक्रिया केली. मुलाचे नाव ठेवले सीझर कॅमरन. पुढे त्याच शहरातल्या मन्रो कर ह्याने, वरच्या जाड भागाऐवजी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकात रूढ केली. आज सर्वत्र आहे ती बहुतेक हीच.

एकदा सीझर की नेहमी सीझर, हे आपण घरोघर ऐकतो. ते वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिनचे, १९१६ चे. पण त्याला सांगायचे होते ते उलटे! त्या काळच्या उभ्या छेदाचा व्रण पुढच्या वेळी फाटण्याची भीती असे. म्हणून पहिले सीझरच उगाच करू नका, असा त्याचा इशारा होता. लोकांनी इशारा टाकला आणि वाक्य ठेवले.

पुढे रक्तपेढ्या आल्या, पेनिसिलीन आले, आणि शस्त्र इतके सुरक्षित झाले की प्रश्नच बदलला. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्टालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत ठरले, की शंभरांत दहा ते पंधरांच्या वर सीझर होण्याला कुठेच सबळ कारण दिसत नाही. आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २१.५ निघाला, सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खाजगी दवाखान्यांत ४७.४. सगळ्याच बायकांची हाडे खाजगी दवाखान्याच्या पायरीवर अरुंद होतात काय? शिवाय ज्योतिष्याकडून मुहूर्त काढून पोट उघडायला लावणारी मंडळी आहेत. पण ह्याच्या उलट, सीझर म्हणजे कामचुकारपणा असे सुनेला ऐकवणाऱ्या सासवाही मी पाहिल्या आहेत, आणि तो शेरा मला मुहूर्ताइतकाच अडाणी वाटतो.

कारण दोन्हीकडे धोका आहे, फक्त निरनिराळा. ठरवून केलेल्या सीझरनंतर दुसरे-तिसरे मूल हवे असेल, तर जुन्या व्रणावर वार रुजून घट्ट चिकटण्याची भीती दर शस्त्रक्रियेगणिक वाढते. आणि एकोणचाळीस आठवड्यांच्या आत घाई केली तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक. नैसर्गिक बाळंतपणात बाई लवकर हिंडूफिरू लागते; पण फाटण्याची, पुढे लघवी न आवरण्याची शक्यता असते, आणि कळा देऊन थकल्यावर ऐनवेळी करावे लागणारे सीझर हे ठरवून केलेल्यापेक्षा जास्त जोखमीचे.

हे सगळे बाईला सांगायचे की नाही, ह्यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला. स्कॉटलंडमधली एक मधुमेही, ठेंगणी बाई. मूल मोठे. खांदे अडकण्याची शक्यता शंभरांत नऊ-दहा होती. डॉक्टरांनी ती सांगितली नाही. सांगितली तर अशा सगळ्याच बाया सीझर मागतील, असे त्यांचे म्हणणे. १९९९ मध्ये बाळंतपणात खांदे अडकले, डोके बाहेर आल्यावर बारा मिनिटे गेली, आणि मुलगा जन्माचा पांगळा झाला. खालच्या कोर्टांत बाई हरली. ११ मार्च २०१५ रोजी जिंकली. न्यायालयाने म्हटले, की धोका महत्त्वाचा आहे की नाही हे डॉक्टरच्या नजरेने नव्हे, त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाच्या नजरेने ठरवायचे, आणि दुसरा मार्ग असेल तर तोही सांगायचा. कायद्याने आपल्याकडेही संमती द्यायची ती शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईने स्वतः. पुष्कळ ठिकाणी कागद मात्र अजून बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यापुढे येतो, आणि तो खिशातले पेन काढतो.